घरचा पहिला लाकूडकामाचा लेथ: थरथर कुठून येते ते आधी शोधा

कोल्हापूरच्या कसबा बावड्यात आमच्या घरामागं १० बाय १२ ची पत्र्याची शेड आहे. पूर्वी तिथं म्हैस असायची, आता लेथ आहे, म्हणजे लाकूड फिरवून गोल कातायचं मशीन. दिवसा मी शिरोलीच्या एमआयडीसीत सीएनसीवर लोखंड कापतो आणि संध्याकाळी इथं लाकूड. हा नाद लागला मामांकडून. उद्यमनगरात त्यांचं पॅटर्नचं दुकान होतं. फाउंड्रीत ओतकाम करायचं तर आधी लाकडाचा नमुना लागतो, आणि पुलीसारखा गोल माल असला की तो नमुना लेथवरच निघतो. ओतलेलं बीड, म्हणजे कास्ट आयर्न, थंड होताना शंभराला एक या हिशेबानं आकसतं, म्हणून मामांची मापाची पट्टीच तेवढी मोठी आखलेली असायची. शाळेच्या सुट्टीत मी त्या दुकानात ढलप्या गोळा करायचो.

मला विचारून तीन-चार जणांनी छोटा लेथ घेतला. प्रत्येकाचा पहिल्या आठवड्यातला फोन एकच, "दादा, मशीन थरथरतंय." आणि प्रत्येकानं फोन करण्याआधी हेडस्टॉक, म्हणजे लाकूड फिरवणारं लेथचं डोकं, खोललेला असतो. तसं करू नका. थरथर शोधायची एक रीत आहे. ती जमिनीपासून सुरू होते आणि पटाशीच्या धारेवर संपते. मधल्या पायऱ्या गाळल्या की पैसे जातात. माझे गेलेत.

मी लेथ जुना घेतला होता. १० इंच व्यासापर्यंतचं लाकूड फिरेल, लाकूड दोन टोकांना धरणाऱ्या सेंटरमध्ये १८ इंच अंतर, मोटर अर्धा एचपी सिंगल फेज. घरी आणून चालू केला तर १२०० आरपीएमवर अख्खं टेबल नाचायला लागलं. दिवसभर मशीनमध्येच वावरणारा माणूस मी, थेट बेअरिंगवर गेलो. ६००५ ची जोडी आणली, बदलली. थरथर तेवढीच. मग बेल्ट बदलला. मग मोटर रिवाइंडिंगवाल्याकडं नेली, त्यानं तपासून तशीच परत दिली. तीन आठवडे गेले.

शेवटी मामांच्या दुकानातले जुने मिस्त्री आले. त्यांनी पाना मागितलाच नाही. स्टीलच्या पेल्यात अर्धा पेला पाणी घेतलं, मशीन चालू करायला लावलं आणि पेला टेबलाच्या एकेका कोपऱ्यावर ठेवून पाण्याकडं बघत राहिले. तीन कोपऱ्यांवर पाण्यावर बारीक वलयं होती. मागच्या डाव्या कोपऱ्यावर पाणी कडेवरून उसळत होतं. मशीन बंद करून त्यांनी हॅक्सॉचं पातं घेतलं आणि त्या पायाखाली सरकवलं. पातं कुठंही न अडकता आरपार गेलं. खालची शहाबादी फरशी खचली होती, टेबल तीन पायांवर उभं होतं. पत्र्याच्या दोन पट्ट्या पायाखाली गेल्या आणि निम्मी थरथर तिथंच थांबली.

टेबल आणि वजन

छोट्या लेथला स्वतःचं वजन नसतं, ते आपण द्यायचं. टेबलाची वरची फळी निदान २ इंच जाड हवी. फ्रेम अँगलची असली तर दोन पायांमध्ये तिरका आधार वेल्ड करून घ्या, नुसती चौकट डुगडुगते. खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर एक फळी टाका आणि तिच्यावर वजन ठेवा. मी वाळूची दोन पोती ठेवली आहेत, प्रत्येकी ४० किलोच्या आसपास. आपल्याकडं फाउंड्रीची टाकाऊ वाळू मिळते, पण तिची धूळ छातीला फार वाईट. ती घेणार असाल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून, तोंड बांधून, मगच पोत्यात घाला. पायाखाली मऊ रबर नको, त्यावर मशीन उलट जास्त हेलकावतं. कन्व्हेयर बेल्टचे कडक तुकडे चांगले बसतात.

उंचीचं माप सोपं आहे. सरळ उभं राहा, हात कोपरात वाकवा. लेथचं सेंटर कोपराच्या उंचीला यायला हवं. माझ्या बाबतीत ते जमिनीपासून ४२ इंच आलं. सेंटर खाली राहिलं तर अर्ध्या तासात कंबर धरते, आणि कंबर धरली की हात चुकतो.

आता बोल्ट. लेथचे पाय फळीवर आवळताना बहुतेक जण जोर लावून आवळतात. फळी सपाट नसेल तर त्या जोरानं बेडला, म्हणजे लेथच्या खालच्या लांब पाटाला, पीळ बसतो. तपासायची रीत अशी: बोल्ट सैल ठेवा, हेडस्टॉकमध्ये दातेरी सेंटर आणि समोरच्या, बेडवर सरकणाऱ्या टेलस्टॉकमध्ये टोकदार सेंटर लावा, टेलस्टॉक पुढं आणून दोन्ही टोकं भिडवा. वरून बघा, बाजूनं बघा. मग बोल्ट आवळा आणि परत बघा. सैल असताना टोकं जुळत होती आणि आवळल्यावर सरकली, तर दोष मशीनचा नाही, फळीचा आहे. ज्या पायाशी फट आहे तिथं कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापून घाला आणि पुन्हा आवळा. सैल असतानाही जुळत नसतील तर हेडस्टॉकचे बोल्ट बघा. काही छोट्या मशीनमध्ये हेडस्टॉक बेडवर वेगळा बसवलेला असतो, तो किंचित फिरवता येतो.

एकेक गोष्ट जोडत जा

टेबल घट्ट झाल्यावरही थरथर असेल तर हे करा. दर वेळी आधी पिन बोर्डातून काढा, नुसतं बटण बंद करून भागवू नका.

बेल्ट उतरवा आणि नुसती मोटर चालवा. हाताला थरथर लागली तर मोटरच्या पुलीचा ग्रब स्क्रू किंवा मोटरचे फाउंडेशन बोल्ट सैल आहेत. मोटर शांत असेल तर बेल्ट चढवा, स्पिंडल (हेडस्टॉकमधला फिरता दांडा) रिकामा ठेवा. आता धडधड आली तर दोन्ही पुल्यांच्या तोंडावर एक सरळ पट्टी लावून बघा, दोन्ही एका रेषेत हव्यात. बेल्ट बोटानं दाबला की साधारण १ सेंटीमीटर दबावा. मशीन महिनोन्‌महिने बंद पडून असेल तर बेल्ट पुलीवर बसला त्याच आकारात आखडतो आणि ठक-ठक करत फिरतो. दहा-पंधरा मिनिटं चालवल्यावर आवाज गेला तर बेल्ट सोडून द्या, नाही गेला तर बदला. पुढची पायरी सेंटर. स्पिंडलच्या भोकात, ज्याला आपण मोर्स टेपर म्हणतो, तिथं केसाएवढी ढलपी अडकली तरी सेंटरचं टोक झोके खातं. काडीला कोरडं फडकं गुंडाळून टेपर पुसा. तेल लावू नका, कोरड्याला कोरडं धरतं. आणि सेंटर लेथमध्ये असताना त्यावर हातोडी कधीही मारायची नाही, तो मार थेट बेअरिंगच्या गोळ्यांवर जातो.

एवढं सगळं शांत आणि लाकूड लावल्यावरच थरथर, तर मशीन निर्दोष आहे. लाकूड एका बाजूला जड आहे, नाहीतर मध्य चुकलाय. वेग कमी करा आणि गोल होईपर्यंत थांबा.

बेअरिंगला दोष द्यायचा तर या सगळ्यानंतर. पिन काढून, बेल्ट उतरवून स्पिंडल हातानं सावकाश फिरवा. खरखर लागली, किंवा स्पिंडल धरून वर-खाली हलवल्यावर ढिलेपणा जाणवला, तर मग बेअरिंग. आमच्या कामात बारीक हालचाल मोजणारा डायल गेज असतो म्हणून मी तो लावतो, पण हाताला कळतं तेवढं घरच्या कामाला पुरतं.

वेग आणि मोटर

लाकडाचा व्यास इंचात घ्या आणि त्याला आरपीएमनं गुणा. गुणाकार ६००० ते ९००० मध्ये राहावा, असा लाकूड कातणाऱ्यांचा जुना हिशेब आहे. ८ इंची वाडग्याला ७५० ते ११००. २ इंची दांड्याला ३००० च्या वर येतं, पण शिकणाऱ्यानं तिथं जायचं कारण नाही, निम्म्या वेगात सगळं काम होतं. चौकोनी लाकूड गोल करताना तर १००० च्या आतच.

बाहेरून आलेल्या काही मशीनवर वेगाचा तक्ता ६० हर्ट्झ विजेचा छापलेला असतो. आपली वीज ५० हर्ट्झ. साध्या इंडक्शन मोटरवर तिथं १७२५ लिहिलं असेल तर आपल्याकडं ते १४२५ च्या आसपास फिरतं. मशीनमध्ये बिघाड नाही, तक्ता दुसऱ्या देशाचा आहे.

मोटर नुसती हूं करते आणि फिरत नाही, अशा वेळी लगेच बंद करा, नाहीतर वाइंडिंग जळतं. पहिल्यांदा एक्स्टेन्शन वायर बघा. घरातून शेडपर्यंत बारीक वायर ओढली की सुरू होताना विजेचा दाब पडतो आणि मोटर उचलत नाही. २.५ स्क्वेअर एमएमची वायर टाका, अर्थिंग नक्की करा. वायर ठीक असेल तर बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो. तो पिन काढल्यावरही करंट धरून ठेवतो, म्हणून ते काम वायरमनकडून करून घ्या. मोटर दुरुस्तीहून आली की लाकूड लावण्याआधी दिशा बघा. समोर उभं राहिल्यावर लाकडाची वरची बाजू आपल्याकडं यायला हवी. जोडणी उलटी झाली असेल तर चक (स्पिंडलवर आट्यांनी बसणारी लाकडाची पकड) चालता चालता सुटतो. डीसी मोटरच्या लेथचा वेग आपोआप कमी-जास्त होत असेल तर कार्बन ब्रश आणि वेगाच्या सेन्सरवरचा भुसा, या दोन जागा आधी.

लाइट गेली की मशीनचं बटण बंद करायची सवय लावून घ्या. लाइट परत येते तेव्हा आपला हात कुठं असेल सांगता येत नाही.

धार

मशीन उभं राहिलं. आता खरं काम. पहिल्या महिन्यात ज्याला लोक लेथची अडचण म्हणतात, ती निम्मी धारेची असते.

सुरुवातीला तीन हत्यारं पुरतात: चौकोनी लाकूड गोल करायला पाऊण इंची खोल गोल पटाशी, तिरकी पटाशी आणि लाकूड कापून वेगळं करायला पार्टिंग टूल. मामांच्या दुकानात सगळी हत्यारं गाडीच्या कमानपाट्यातून घडवलेली होती, त्यांचं पोलाद जुन्या साध्या जातीचं. ग्राइंडरवर कड निळी पडली की पाणी उतरलं, म्हणजे पोलादाचा कडकपणा गेला, तेवढा भाग घासून टाकावा लागतो. म्हणून त्यांना सारखं पाण्यात बुडवावं लागतं. आज मिळणारी एचएसएसची (हाय स्पीड स्टीलची) हत्यारं निळी पडली तरी धार टिकते, आणि त्यांना गरम असताना पाण्यात बुडवायचं नसतं, बारीक चिरा पडतात. दोन्ही प्रकार घरात असतील तर दांड्यांना वेगळा रंग द्या.

६ इंची बेंच ग्राइंडर, त्यावर ८० ग्रिटचं पांढरं चाक. खोल गोल पटाशीचा उतार, म्हणजे धारेमागची घासलेली बाजू, ४५ अंशाचा ठेवा. तिरकी पटाशी दोन्ही बाजूंनी मिळून ४० च्या आसपास. कोन मोजत बसण्यापेक्षा मिस्त्रींनी शिकवलेली एक गोष्ट करा. उतारावर काळ्या मार्करनं रेघोट्या ओढा, ग्राइंडर बंद ठेवून हत्यार चाकाला टेकवा आणि चाक हातानं अर्धा फेरा फिरवा. काळा रंग कुठं पुसला ते बघा. फक्त मागं पुसला तर मूठ थोडी वर उचला, फक्त टोकाला पुसला तर खाली घ्या. पूर्ण उतारावर सारखा पुसला की तो कोन धरा आणि मग ग्राइंडर चालू करा. दाब अगदी हलका, दोन श्वासांचं काम. धार आली की कडेवर पडलेली उजेडाची बारीक रेघ दिसेनाशी होते. बोथट कड चमकते, धारेची कड दिसत नाही.

धार चांगली आहे की नाही ते ढलपी सांगते. लांब, मऊ, कांद्याच्या सालीसारखी वळलेली ढलपी निघाली तर बरोबर. नुसता भुसा उडत असेल तर तुम्ही कापत नाही, खरवडताय.

पहिलं काम: लाटणं

वाडगं नको, भोवराही नको. लाटणं करा. दीड इंच जाडीचा १४ इंची चौकोनी तुकडा, सरळ रेषांचा, गाठ नाही, चीर नाही, झाडाचा गाभा नाही. टिंबर मार्केटात शिसवाचे उरलेले तुकडे मिळतात, पण पहिली चार लाटणी आंब्याच्या लाकडावर होऊ द्यात.

दोन्ही टोकांवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरक्या रेघा ओढा, छेदतात तो मध्य. एका टोकाला त्या रेघांवर करवतीनं १ सूत (इंचाचा आठवा भाग) खोल काप द्या, दातेरी सेंटर त्यात बसवून लाकडी हातोड्यानं ठोका. हे जमिनीवर. मग ते लेथमध्ये लावा, टेलस्टॉक आवळा, पाव फेरा मागं घ्या, लॉक करा. टेलस्टॉक जास्त आवळला की सेंटरचं बेअरिंग तापतं आणि बारीक दांडा मधून धनुष्यासारखा वाकतो.

टूल रेस्ट, म्हणजे हत्यार टेकवायचा आडवा आधार, लाकडापासून १ सूत लांब, कोपऱ्याच्या सर्वात बाहेरच्या टोकापासून मोजून. उंची मध्यरेषेला किंवा किंचित खाली. लाकूड हातानं पूर्ण एक फेरा फिरवा, कुठं आपटत नाही ना बघा. जसजसं लाकूड बारीक होईल तसतसं मशीन बंद करून रेस्ट पुढं आणा. अंतर वाढलं की हत्याराला खाली ओढणारी तरफ वाढते, आणि तिथंच पटाशी खुपसते.

चेहऱ्यावर पूर्ण शील्ड. बाह्या कोपराच्या वर, गळ्यातलं काढून ठेवा, केस बांधा. ओढणी, पदर आत खोचा. हातमोजे अजिबात नकोत, फिरतं लाकूड हातमोजा धरतं आणि मोज्यासकट हात ओढतं. चालू करताना लाकडाच्या समोर उभं राहू नका, बाजूला व्हा.

आता क्रम नीट लक्षात ठेवा. आधी हत्यार रेस्टवर टेकलं पाहिजे. मग उताराची पाठ फिरत्या लाकडाला लागली पाहिजे, धार अजून लागलेली नाही, नुसती पाठ घासतेय. मग मूठ सावकाश वर, धार हळूच लाकडात. हा क्रम उलटा झाला, म्हणजे धार आधी आणि आधार नंतर, की पटाशी लाकडात घुसते, मोठा आवाज होतो आणि लाटण्यावर नागमोडी खाच पडते. मी शिकवलेल्या प्रत्येकाला ती एकदा बसली.

मधून सुरुवात करू नका. टेलस्टॉकच्या टोकापासून ३ इंच आत सुरू करून टोकाकडं जा, मग आणखी ३ इंच आत. पहिल्यांदा टक-टक-टक ऐकू येईल, ते चौकोनाचे कोपरे. आवाज घट्ट होत जातो आणि एका क्षणी नुसतं सर्रर्र उरतं. तो आवाज आला की गोल झालं, मशीन बंद करून हात फिरवून खात्री करा. मग वेग १८०० पर्यंत न्या.

लाटण्याच्या मुठीचा आकार देताना कापायची दिशा कायम जाडीकडून बारीककडं, माळावरून ओढ्याकडं. उलट गेलात की लाकडाचे रेषे उचकटतात. तिरकी पटाशी वापरताना धारेचा खालचा अर्धा भागच कापेल एवढं बघा. वरचं टोक लाकडाला लागलं की खुपसलंच.

लांब दांड्यावर मध्यभागी पिळासारख्या रेघा उठल्या तर ते लाकूड थरथरतंय. धार लावा, हात हलका करा, टेलस्टॉकचा दाब कमी करा, वेग थोडा बदला, याच क्रमानं. रेस्टवर पटाशी अडखळत सरकत असेल तर रेस्टच्या कडेला खाचे पडलेत, कानस फिरवून सपाट करा आणि मेणबत्ती घासा.

लोखंडाच्या लेथवरून आलेल्या माझ्यासारख्यांना एक सांगतो. तिथं टेलस्टॉक जरा सरकला की जॉब निमुळता निघतो. इथं हत्यार हातात आहे. लाटणं एका बाजूला जाड झालं तर लेथला विचारू नका, कॅलिपर लावा आणि जास्तीचं काढा.

काचपेपर १२०, १८०, २४०. त्याआधी टूल रेस्ट काढून बाजूला ठेवा, बोटं त्यात अडकतात. पेपर लाकडाच्या खालच्या बाजूनं धरा, मास्क लावा. तेल लावायला फडकं नको, कागदी नॅपकिन घ्या, अडकला तरी फाटतो. जवसाचं कच्चं तेल सावकाश का होईना वाळतं, शेंगतेल खवट होतं. आणि वाडगं करायला लागाल तेव्हा ही पाऊण इंची खोल पटाशी त्याला लावू नका. तिचा मागचा दांडा बारीक असतो, आडव्या रेषांवर अडकली की तुटून अंगावर येते. वाडग्याची पटाशी वेगळी.

पाऊस

जूनपासून पुढं कोल्हापुरात ओल सगळीकडं असते. ओलं लाकूड कातायला मऊ लागतं, पण लाटणं त्यातून करू नका, वाळताना वाकतं. ओंडक्याच्या दोन्ही टोकांना मेण किंवा जुना ऑइलपेंट फासा, टोकातून पाणी लवकर उडतं म्हणून चिरा तिथंच पडतात. वाळलं की नाही ते तागडी सांगते. तुकड्यावर तारीख आणि वजन पेन्सिलीनं लिहा, दर आठवड्याला तोला. वजन उतरायचं थांबलं की घ्या.

संध्याकाळी काम संपल्यावर ओल्या ढलप्या बेडवर ठेवू नका. आंबा, बाभूळ यांत टॅनिन असतं. आपल्या चपलेचं कातडं ज्या बाभळीच्या सालीनं कमावतात, त्या सालीतलं काम करणारं द्रव्य तेच. ओल आणि लोखंड यांच्याशी गाठ पडली की रातोरात काळानिळा डाग उठतो. मी ब्रशनं सगळं झाडतो, कोरड्या फडक्यानं बेड पुसतो, मेणाचा पातळ हात देतो, आणि टेलस्टॉक एकदा बेडभर पुढं-मागं सरकवून बघतो. तो न अडखळता सरकला की शेडला कुलूप.